पीपीएलसाठी (खासगी पायलटच्या लायसन्ससाठी) पहिला हेडसेट कोणता घ्यावा? महागडा एएनआर (बॅटरीवर गोंगाट मारणारा हेडसेट) लागतोच का?

भाऊ, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवायचं पहिलं उड्डाण, जवळ आलाय, बजेट ५० हजार, बोस कंपनीचा परवडत नाही, डेव्हिड क्लार्क कंपनीचा आजोबांच्या काळातला वाटतो, आणि नाहीच जमलं तर फ्लाईंग क्लबातल्या कॉमन हेडसेटवर लायसन्सचे ४० तास निघतील का, असं विचारलंय तुम्ही. डेसिबल विचारले, वजन विचारलं, ब्लूटूथसुद्धा विचारलं. सगळं कानाचं. माईकबद्दल एक शब्द नाही. म्हणून लिहून राहिलो, नाहीतर मी इथं नुसता वाचून जातो.

मी वरूड तालुक्यातला, घरी संत्र्याची बाग. २०१४ मध्ये बाबांनी आंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला आणि त्या पैशात माझे पहिले तास झाले. क्लबाचं नाव घेत नाही, आपल्या विदर्भातला नव्हता एवढं सांगतो. तिथं चार कॉमन हेडसेट होते. तिघांच्या कानाच्या गाद्या तडकलेल्या, एकाला तर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. चौथ्याच्या गाद्या मात्र नव्याकोऱ्या, मऊ. मला वाटलं आपलं नशीब उघडलं, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी तोच उचलायचो. बाकीचे पोट्टे त्याला हात लावत नव्हते, आणि ते काहून लावत नाहीत हे विचारायची अक्कल मला नव्हती.

आमचे इन्स्ट्रक्टर सर म्हणाले आजपासून आरटी, म्हणजे रेडिओवरचं बोलणं, तू करायची. मी टॉवरला कॉल दिला, कॉलसाईन म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, पोझिशन, सगळं पाठ होतं. तिकडून आलं, "स्टेशन कॉलिंग, अनरीडेबल, से अगेन". पुन्हा बोललो. पुन्हा से अगेन. तिसऱ्यांदा सरांनी स्वतःच बटन दाबलं, त्यांच्या स्वतःच्या हेडसेटमधून तेच वाक्य बोलले आणि टॉवरनं एका झटक्यात क्लिअरन्स दिला. आता सांगा, शेजारी बसलेला माणूस काय समजेल? विमान तेच, रेडिओ तोच, वाक्य तेच, फक्त तोंड वेगळं. उतरल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "मुँह में संतरा रखा है क्या? पहले अंग्रेजी सीखो, फिर हवाई जहाज." त्या दिवसापासून क्लबात माझं नाव संत्रा पडलं.

मराठी माध्यमातला पोरगा, बारावीपर्यंत इंग्रजी म्हणजे कविता पाठ करायची चीज. मलाही वाटलं, खरंच असेल बावा. सर म्हणाले जोरात बोल, मी जोरात बोललो, मग आवाज फाटायला लागला आणि टॉवरला आणखीच कळेना. सुट्टीत घरी आलो तं बागेत फिरून फिरून झाडांना पोझिशन रिपोर्ट देत होतो, डाऊनविंड, फायनल, गोईंग अराऊंड, पुन्हा डाऊनविंड, उतरतानाचं सगळं. आमच्या सालदारानं आईला जाऊन सांगितलं की पोट्ट्याला लागीर झालं, कोणाले तरी दाखवा. सोबतचे दोघं सोलो झाले, माझा सोलो मागे पडला. शेरा काय, तर आरटी वीक. एकेका तासाचे किती पैसे जातात तुम्हाला माहीतच आहे, ड्युअलचे, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचे, ते जास्तीचे तास म्हणजे बाबांच्या किती क्रेट संत्री हा हिशोब मी रात्री झोपताना करायचो.

सुटका केली हँगरमधल्या मेकॅनिकनं. काटोलकडचा माणूस, मला पाहून म्हणे, "काहून बे, तोंड उतरलं?" मी सांगितलं. म्हणे तो हेडसेट आन. त्यानं माईकवरची स्पंजाची टोपी काढली आणि म्हणाला, "हे पाय. हा ठिपका दिसते का? हा ओठाकडं पायजे. तुया तं आभायाकडं पाहून राह्यला. अन दांडी ढिली हाय, खाली येते. तू बोलतं त्याले, अन थो आयकते इंजिनाले."

हे नीट समजून घ्या, कारण दुकानदार सांगत नाही. विमानाच्या हेडसेटचा माईक नॉईज कॅन्सलिंग असतो, त्याला समोरून आणि मागून, दोन्हीकडून भोकं असतात. इंजिनाचा आवाज सगळीकडून येतो, दोन्ही भोकांत सारखाच शिरतो आणि तिथल्या तिथं एकमेकाला खातो. तुमचं बोलणं एकाच बाजूनं, अगदी जवळून येतं म्हणून ते उरतं. पण दांडीवरचा माईक आडवा फिरला की तुमचं बोलणंही दोन्ही भोकांत सारखंच जातं आणि इंजिनासोबत तेही मरतं. माईक खाली हनुवटीकडे घसरला तरी तेच, कारण सगळा खेळ जवळपणाचा आहे. तोंडाच्या कोपऱ्याशी, ओठाला जवळजवळ टेकेल एवढा पाहिजे, बोटाच्या अर्ध्या पेराएवढीही जागा नको. आणि स्पंजाची टोपी चढवली की ठिपका झाकला जातो, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

त्यानं माईक फिरवला, दांडीचा स्क्रू आवळला. दुसऱ्या दिवशी रेडिओ चेक मागितला, टॉवर म्हणे "रीडिंग यू फाईव्ह". पाचपैकी पाच! इंग्रजी माझी तीच होती, रात्रीतून कोणी बदलली नव्हती. सर काही बोलले नाहीत. हेडसेटचं मी सांगितलं तर म्हणे, "प्रॅक्टिस का असर है." मागच्या वर्षी एका कार्यक्रमात भेटले, नव्या पोरांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत होते की इसका इंग्लिश मैंने सुधारा. मी हसलो. तिथं बोलायला पाहिजे होतं.

तर कॉमन हेडसेटवर ४० तास निघतील का? निघतात, लोकांनी काढलेत. पण घेऊ नका रिस्क. काल तो घालून कोण बसला होता, त्यानं दांडी कोणत्या बाजूला फिरवली, व्हॉल्यूम कुठं ठेवला, तुम्हाला काही माहीत नसतं. उन्हाळ्यात तर दुसऱ्याचा घाम गालाला लागतो, ते वेगळंच. स्वतःचा घ्या. जुना घ्या, पण स्वतःचा घ्या.

मी काय घेतला? २०१५ मध्ये डेव्हिड क्लार्क एच १०-१३.४, सेकंडहँड, २१ हजारात. तोच हिरवा, तुम्हाला आजोबांचा वाटतो तो. दादानं विचारलं हे काय आणलं, किंमत ऐकून म्हणे एवढ्यात फवाऱ्याचा नवा पंप आला असता. पण त्याची प्रत्येक गोष्ट सुटी मिळते, गाद्या, माईक, डोक्यावरची पट्टी, वायर, सगळं. स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या माणसाला तो वर्षानुवर्षं पुरतो. तोटा सांगतो, जवळपास अर्धा किलो वजन आहे आणि पकड घट्ट, दीड तासानंतर टाळूवर कोणी बोट दाबून धरल्यासारखं होतं. त्यात बॅटरी नाही, त्यामुळे संपायचा प्रश्न नाही.

आता एएनआर. मी एएनआरच्या विरोधात नाही, आधीच सांगतो, नाहीतर खाली भांडायला येतील. छोट्या विमानाचं दोन पात्यांचं प्रोपेलर २४०० आरपीएमवर फिरलं की सेकंदाला ८० वेळा हवेला थपडा मारतं. हा जो जाड, छातीत बसणारा आवाज आहे, तो नुसत्या गादीनं अडत नाही, एएनआर नेमका त्यालाच मारतो. बारीक, किरकिऱ्या आवाजाला मात्र साधी घट्ट गादीच पुरते. बोस कंपनी काढणारे अमर बोस, वडील बंगाली, १९७८ मध्ये झुरिकहून परत येताना विमानातल्या हेडफोननं वैतागले आणि तिथंच बसून याचं गणित मांडायला लागले. पायलटांसाठी त्यांचा असा हेडसेट विकायला आला १९८९ मध्ये. मी एका मित्राचा बोस ए २० लांबच्या क्रॉस कंट्री उड्डाणाला मागून घेतो, साडेतीनशे ग्रॅमच्या आत वजन, उतरल्यावर डोकं रिकामं वाटतं, थकवा खरंच कमी येतो. पण त्याच्या नंतरचा ए ३० २०२३ मध्ये निघाला तेव्हाच तेराशे डॉलरच्या आसपास होता, म्हणजे कस्टम धरायच्या आधीच लाखाच्या वर. पहिल्या ४० तासांत, धावपट्टीभोवतीच्या अर्ध्यापाऊण तासाच्या सर्किटसाठी, लाखाचं कानात घालायचं? ते पैसे तासांत घाला. ५० हजारात नवा एएनआर म्हणून ज्या अनोळखी नावाच्या वस्तू ऑनलाईन दिसतात त्यांच्या नादी लागू नका, गाणी ऐकायच्या नॉईज कॅन्सलिंग हेडफोनचा तर विचारही नको.

कानाचं महत्त्व नाही असं माझं म्हणणं नाही हां. आमचे बाबा तीस वर्षं विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि सोयाबीनचं थ्रेशर यांच्याजवळ उभे राहिले, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही, कापूस पिकवणाऱ्या गावात. आता त्यांना आवाज येतो पण शब्द येत नाही. आवाजानं कान गेला की आधी बारीक आवाज जातात, म्हणजे स, फ, त असली अक्षरं, मग सात म्हटलं की साठ ऐकू येतं. रेडिओवर थ्रीला ट्री, फाईव्हला फाईफ आणि नाईनला नाईनर म्हणायला लावतात ते याच कारणानं, आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे ९४ ला एक तास. छोट्या पिस्टन विमानाचं कॉकपिट आरामात नव्वदीच्या पुढं असतं. पुढं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करायचं मनात असेल तर क्लास वन मेडिकलला ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, आहे, आणि एकदा गेलेला कान परत येत नाही. माझे सीपीएलचे २०० तास झाले नाहीत, पैसे संपले, ते दुसऱ्या कोणत्या उत्तरात.

तुम्ही चष्मा लावता का ते लिहिलं नाही. लावत असाल तर जाड काडीचा चष्मा साध्या हेडसेटचं सगळं काम बिघडवतो, गादी आणि कानामागच्या हाडात फट राहते आणि सगळा आवाज तिथून आत येतो. पातळ, सपाट काडीचा करून घ्या, हेडसेटपेक्षा स्वस्त पडेल. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीला उन्हात उभ्या असलेल्या विमानात हेडसेट ठेवून जेवायला जायचं नाही, गाद्या कडक होऊन तडकतात. कापडी कव्हर घ्या, घाम शोषते, पण जाड नको, आवाज आत येतो.

आमचे सर आणखी एक सांगायचे, की एएनआरवाल्याला इंजिन ऐकू येत नाही, पायलट आंधळा होतो. हे निम्मं खोटं आहे. इंजिनात बदल झाला तर कळतं, उलट बाकीचा गोंगाट कमी झाल्यावर लवकर कळतं. निम्मं खरं एवढ्यासाठी की आवाजाची ओळख बदलते. सेसना १५२ या छोट्या विमानाचा स्टॉल वॉर्निंग हॉर्न, म्हणजे पंखाची उचल जायच्या आधी वाजणारा भोंगा, विजेवर नसतो, पंखाच्या भोकातून हवा ओढली जाते आणि आपल्या भजनातल्या पेटीसारखी पट्टी वाजते. तो आवाज नवीन हेडसेटमध्ये कसा येतो हे पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरसोबत असतानाच ऐकून घ्या, सोलोला नको. एएनआर घेतलाच तर सुटे सेल खिशात ठेवा, सेल गेले तरी चांगल्या कंपनीचा हेडसेट साध्यासारखा चालत राहतो, बंद पडत नाही.

माझा तो हिरवा अजून आहे. वर्षाला मोजके तास उडतो, लायसन्स जिवंत ठेवायला, तेव्हा तोच घालतो. उरलेलं वर्ष तो बाबांकडं असतो, ट्रॅक्टरवर ब्लोअर मारताना घालतात, वायर सदऱ्याच्या खिशात खोचून. आता घालून काय उपयोग म्हणतात, पण घालतात. माईकची दांडी वर फिरवून ठेवतात, तंबाखू खाता आली पाहिजे ना, आणि उडायला जायच्या आधी मला दरवेळी ठिपका शोधत बसावं लागतं.

राहिलं एक. जुना घेताना प्लग पाहून घ्या. आपल्या सेसनाला दोन वेगवेगळ्या जाडीचे प्लग लागतात, जाड कानाचा, बारीक माईकचा. हेलिकॉप्टरच्या हेडसेटला एकच प्लग आणि टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर असते, तो स्वस्तात दिसतो म्हणून मागवू नका. आणि पैसे द्यायच्या आधी विमानात बसून, इंजिन चालू करून, रेडिओ चेक मागा. विकणारा म्हणेल घरी घालून पाहा, कसा मऊ आहे. मऊ तर माझाही होता.