दाइम्योला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानी 'दाइम्यो'साठी, म्हणजे शोगुनाच्या हाताखालच्या मुलूखधन्यासाठी, मराठीत जहागीरदार, सरंजामदार की संस्थानिक?

माझा कौल 'संस्थानिक'ला. जहागिरीत किंवा सरंजामात मुख्यतः मुलखाचा वसूल लावून दिलेला असतो, बहुधा फौज बाळगण्यासाठी. दाइम्योकडे याहून पुष्कळ जास्त होते: स्वतःचे कायदे, न्यायनिवाडा, खजिना, कित्येकांच्या तर आपल्या मुलखापुरत्या कागदी नोटाही होत्या. शोगुनाला तो दरसाल ठरावीक खंडणी भरत नसे, म्हणून 'मांडलिक' नको. थेट शोगुनाची चाकरी आणि निदान १०,००० कोकू तांदळाच्या आकारणीचा मुलूख असेल तो दाइम्यो. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. कागा मुलखाच्या माएदा घराण्याचा आकडा दहा लाखांच्या वर होता.

पण एवढ्या धन्यालाही किल्ल्याची डागडुजी करायला आणि घरातली लग्ने ठरवायला शोगुनाची परवानगी लागे. १६३५ च्या नियमाने त्याला आलटून पालटून एक वर्ष आपल्या मुलखात, एक वर्ष एदोत (आजचे टोकियो) काढावे लागे. बायको आणि वारस मात्र कायम एदोत. त्यांना 'ओलीस' हाच शब्द योग्य. हजारो माणसांचा लवाजमा घेऊन ये-जा करायची आणि दोन्हीकडे वाडे सांभाळायचे, यात उत्पन्नाचा मोठा वाटा जाई. कित्येक घराणी ओसाकाच्या सावकारांची देणेकरी झाली.

वारसाची गोष्ट तर आपल्या ओळखीची आहे. वारस नसेल तर मुलूख जप्त होई; मरणाच्या दारी घेतलेला दत्तक १६५१ पर्यंत मान्यच नव्हता. साताऱ्याच्या शहाजीराजांनी अंतकाळी घेतलेला दत्तक नाकारून कंपनी सरकारने १८४८ मध्ये राज्य घेतले, तोच हा प्रकार. त्यामुळे इथे 'खालसा करणे' बिनधास्त वापरावे.

एका बाबतीत 'संस्थानिक' अपुरा पडतो. शोगुन दाइम्योला एका मुलखातून उचलून दुसरीकडे बसवू शके. सामुराई धन्यासोबत जात, शेतकरी जागेवरच राहत. तिथे 'सरंजामदार' जवळचा वाटतो. म्हणून लेखात मूळ शब्द 'दाइम्यो' ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला 'संस्थानिक' जोडावा. उच्चार दंत्य 'द'चा आहे, 'डाइम्यो' लिहू नये.