चार करवल्या, कंबरेपर्यंत केस आणि मे महिन्यातलं लग्न

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसले, मग माझंच डोकं दुखल्याचं आठवलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात, खानापूरजवळच्या गावात, अक्षता दुपारी 12.37 ला. करवल्या चार. चौघींचे केस कंबरेपर्यंत, पण एकीचे सळसळीत सरळ, एकीचे दाट कुरळे, एकीचे लेयर कापलेले आणि चौथीचे लांब असूनही विरळ. चौघींना जुडा हवाय. मोबाईलवर परदेशातल्या कुठल्याशा लग्नाचा फोटो आहे, कानाजवळ बटा सोडलेला, आणि तसाच पाहिजे असा हट्ट आहे. बेळगावातून पार्लरवाली न्यायची की घरी जमेल, असं ताई विचारतायत.

घरी जमेल. वडगावात घराच्याच पुढच्या खोलीत मी 22 वर्षं पार्लर चालवते, तरी हेच सांगेन. फक्त त्या फोटोवरून सुरुवात करू नका. फोटोतली मुलगी फुलांचा गुच्छ धरून नुसती उभी आहे. आपल्या करवलीला उसंत कुठली? करा-दिवा घेऊन मागे उभं राहायचं, नवरीचा शालू सावरायचा, जोडे लपवायचे, मध्येच कुणा मामीच्या पदराला पिन लावून द्यायची, आणि हे सगळं चालू असताना डोक्यावर अक्षतांचा मारा. त्यात टिकेल असा जुडा पाहिजे.

मी सोळा वर्षांची असताना निपाणीकडे मामेबहिणीच्या लग्नात करवली होते. केस तेव्हा पार गुडघ्याकडे निघालेले. तिथल्या एका पार्लरमध्ये सगळे केस एका रबरात वर ओढून घेतले, डोक्याच्या शेंड्यावर जुडा घातला, त्यावर पिनांचा डोंगर आणि त्यावर अर्धा डबा स्प्रे. आरशात बघून मी खूश. मंगलाष्टकं चालू झाली आणि कुणीतरी मागून केस धरून खेचतंय असं वाटायला लागलं. समईची वात सरळ करायला वाकले आणि अख्खा जुडा डाव्या कानावर. त्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत माझी मान वाकडी आहे. रात्री आत्तीने एकेक पिन काढून वाटीत टाकली, 53 भरल्या. एवढ्या पिना असून पडला, कारण एकही पिन कशात रुतलेली नव्हती, सगळ्या एकमेकींत अडकलेल्या.

लांब केसांचं हेच आहे. खांद्यापर्यंतचे केस असले की जुड्याला वजनच नसतं, कसाही बांधा. कंबरेपर्यंतच्या केसांचं ओझं असतं, आणि ते ओझं एका रबरावर, एका जागी टांगलं की दोनच गोष्टी होतात: जुडा तरी सुटतो, नाहीतर डोकं तरी दुखतं. म्हणून आधी पाया घालायचा आणि वजन दोन ठिकाणी वाटायचं. माझी आजी याला बुचडा म्हणायची, कन्नड गिऱ्हाईक तुरुबु म्हणतात, पोरी बन म्हणतात. नाव काहीही घ्या, पाया तोच.

तो असा घालतात. केस मुळापर्यंत कोरडे पाहिजेत. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून आडवा भांग पाडून पुढचे केस क्लिपने बाजूला ठेवा. आता मागच्या केसांत, कवटीचा उंचवटा जिथे संपतो त्याच्या जरा खाली, तळहाताएवढ्या जागेतले केस घ्या आणि त्यांची बारीक, घट्ट तिपेडी वेणी घाला. ती गोल गुंडाळून चकलीसारखी चपटी बसवा आणि काळ्या पिना दोन-दोन करून फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या मारा. ही चकली म्हणजे पाया. ती कुणाला दिसणार नाही, पण यापुढची प्रत्येक पिन तिच्यात जाऊन रुतली पाहिजे.

मागचे उरलेले केस चकलीच्या खाली, मानेजवळ, कापडी रबरात बांधा. त्यांच्या दोन वेण्या घाला. एक उजवीकडून वर नेऊन चकलीभोवती फिरवायची, दुसरी डावीकडून. वेणी घातली की लांबी आखडते आणि पेडांच्या खाचांमध्ये पिनेला धरायला जागा मिळते. सुट्या केसांचा पीळ दिसतो छान, तासाभरात सैल होतो. शेवटी पुढच्या केसांची क्लिप काढून ते मुळाशी थोडे उलटे विंचरा, वरून कंगवा हलका फिरवून मागे घ्या आणि त्यांची टोकं जुड्याभोवती गुंडाळा. वेण्या झाकायच्या की दिसू द्यायच्या हे तुम्ही ठरवा. मला दिसलेल्या आवडतात.

पिना कशा लावायच्या हे कुणी धड सांगत नाही, म्हणून सांगते. काळ्या पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे ठेवायची, गुळगुळीत बाजू वर. बऱ्याच बायका उलटी लावतात. पिन दातांनी फाकवू नका, टोकाचा गुळगुळीत थेंब निघतो आणि मग ती दिवसभर टाळूला टोचत बसते. यू-पिन सरळ खुपसायची नसते. जुड्याच्या कडेचे चार केस तिच्यात धरा, पिन उभी करा, मग उलटी फिरवून आत चकलीच्या दिशेने सरकवा. नीट बसली तर हाताला बारीकसा अडसर जाणवतो. तसं जाणवलं नाही तर काढून पुन्हा. एका डोक्याला दहा-बारा काळ्या आणि सात-आठ यू-पिना पुरतात. वीसच्या वर जायला लागलात तर पाया ढिला आहे असं समजा, सोडून पुन्हा करा.

जुडा झाला की मी पोरीला उभी करून वाकायला लावते, पायातलं पैंजण काढून परत घालायचं. त्यात टिकला तर लग्नात टिकतो.

आता तुमच्या चौघी. कुरळ्या केसांचीची काळजी सोडा. इस्त्री मात्र फिरवू नका तिच्यावर, बोटांनीच गुंता काढा आणि पीळ घालून गुंडाळा. असे केस स्वतःच एकमेकांना धरून बसतात. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर हवा जी दमट होते, त्यात सरळ केलेले कुरळे केस जेवायच्या पंगतीपर्यंत फुलून वर येतात. सरळवालीचं उलटं. तिने लग्नाच्या दिवशी न्हायचं नाही, आदल्या दिवशी सकाळी न्हायचं, कंडिशनर मुळांना लावायचा नाही, आणि रात्री चार-पाच वेण्या घालून झोपायचं. ओल्या केसांच्या वेण्या नकोत. दाट केस आत ओलेच राहतात, कुबट वास येतो, आणि ओला केस ताणला की लवकर तुटतो.

लेयरवालीला आधीच सांगून ठेवा, तिचा जुडा थोडा केसाळ दिसणार. आखूड टोकं वेणीतून काट्यांसारखी बाहेर येतात. बोटाच्या टोकावर जेल घेऊन पेड घालता घालता टोकं आत दाबायची, वरून केसांच्या रंगाची बारीक जाळी. विरळ केसांचीला गंगावन, म्हणजे वरून जोडायचे केस, लावा. दुकानदार कन्नड असला तर चवरी मागा, लगेच देईल. डोनट, म्हणजे जुड्याच्या आत घालायचं स्पंजचं कडं, तेही चालेल, पण मोठा नको, कपाळापेक्षा जुडा मोठा दिसला की सगळ्यांना कळतं. बाकी तिघींना डोनट लावूच नका. आधीच वजन आहे, त्यात आणखी कशाला?

कानाजवळच्या बटांचं बोलायचं तर मी आडवी येणारच. करवलीच्या हातात पेटता दिवा असतो. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, पेट घेतं ते, आणि स्प्रे मारलेली लोंबती बट निरांजनावर वाकली तर काय होईल ते सांगायला नको. बटा हव्याच असतील तर हनुवटीच्या वरच संपतील एवढ्याच, त्यांना स्प्रे नाही, आणि दिवा हातात असेपर्यंत कानामागे. बाकी डोक्यावरचा स्प्रेसुद्धा मांडवात जायच्या अर्धा तास आधी, समई-निरांजनापासून लांब. थोडाच मारा, कारण चिकट केसांवर अक्षता बसतात. हळद-कुंकवाचे तांदूळ जुड्याच्या पेडांत जाऊन बसले की रात्री विंचरताना उशीभर सडा पडतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने तिसऱ्या दिवशी न्हाताना फोन केला होता, अक्का अजून निघायलेत म्हणून!

फुलांचं. मे महिन्यात मोगरा भरपूर असतो, पण उमललेला गजरा घेऊ नका, कळ्यांचा घ्या. सकाळी माळला की अक्षतांपर्यंत उमलतो. आणल्यावर ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. मोगऱ्यावर स्प्रे गेला की कडा तपकिरी पडतात, म्हणून स्प्रे आधी, गजरा शेवटी. दिवसभर टिकायला मला अबोलीच आवडते. वास नाही तिला, पण हलकी, आणि कोमेजली तरी रंग ठेवते. शेवंतीची जाड वेणी या जुड्यावर नको, ओझं होतं. आपल्या बाजारात फुलवाल्या बायका मोळावर देतात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण 45 सेंटीमीटर. जुडा 10 सेंटीमीटर रुंद धरला तर एका फेऱ्याला 31-32 सेंटीमीटर लागतात, दोन फेऱ्यांना दीड मोळापर्यंत. माणशी दोन मोळ घ्या. फुलवालीचा हात आखूड असतो, हे हिशोबात धरा.

ब्लाऊजची पाठ बघून जुड्याची उंची ठरवा. मागे लटकन असेल आणि ती दिसावी असं वाटत असेल तर जुडा चकलीच्या जागेवरच ठेवा, मानेवर उतरवू नका. नऊवारी किंवा इरकल नेसणार असतील तर उलट खाली, मानेवर, सुंदर दिसतो. आणि हल्ली आपल्याकडे करवल्यांनाही फेटे बांधतात, ते आधी विचारून घ्या! फेटा असेल तर वरचा जुडा म्हणजे फेटेवाल्याशी भांडण ठरलेलं. मग मानेवरच, चपटा. पुढच्या केसांना फुगा द्यायचे कष्टही घेऊ नका, फेट्याखाली दबतोच.

जुडा घालायला बसण्याआधी ब्लाऊज आणि परकर घालून घ्या, वरून पुढे बटणांचा शर्ट. एकदा एक पोरगी टी-शर्टवर येऊन बसली, जुडा झाल्यावर दोघींच्या लक्षात आलं. टी-शर्ट कात्रीने कापून काढला. भावाचा होता.

बेळगावातून तयार होऊन निघायचा विचार असेल तर सोडा. पंचवीसेक किलोमीटर गाडीत बसायचं, सीटच्या उशीला डोकं टेकलं की मागचा जुडा पोळीसारखा चपटा. गावातच करा. पहिल्यांदा करणाऱ्या हाताला एका डोक्याला तास लागतो, म्हणून सकाळी सातला बसा. कुरळीला पहिली घ्या, सरळवालीला शेवटी, म्हणजे तिच्या जुड्याला सैल पडायला वेळच कमी मिळेल. केस फिरवायचं मशीन वापरणार असाल तर ते काम आदल्या रात्री उरका. वळवाचं वारं सुटलं की आधी लाईट जाते, हे खानापूरच्या माणसाला मी काय सांगायचं? आणि लग्नाआधी एका रविवारी चौघींना बसवून एकदा करून बघा. हाताला सवय नसली तर पहिला जुडा वाकडाच होतो, खरं दुसऱ्यांदा जमतो. (पुण्यामुंबईच्या वाचकांनो, आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.)

कुणाच्या कपाळाजवळचे केस आधीच विरळ होत असतील तर तिचे पुढचे केस ताणू नका. रोज घट्ट बांधून तिथले केस कायमचे गेलेल्या बायका माझ्याकडे येतात. एका दिवसाने तसं होत नाही, पण त्या जागेला आणखी ताण कशाला द्यायचा. दुपारी जेवताना डोकं ठणकायला लागलं तर जुडा सोडू नका, मानेजवळच्या एक-दोन पिना काढून बोटाने मुळं जरा सैल करा. उतरतं.

रात्री सोडताना आधी गजरा, मग पिना मोजून, मग रबर. रबर ओढून काढू नका, कात्रीने कापा. गुंता टोकाकडून वर सोडवत न्या, आधी खोबरेल लावा, तांदूळ तेलाने सुटतात. चौघींपैकी जी पाठराखीण म्हणून सासरी जाणार आहे तिचा जुडा मात्र निघायच्या आधीच सोडून साधी वेणी घाला. परक्या घरात, अनोळखी बायकांत, रात्री अकराला पाठमोऱ्या पिना शोधत बसायची वेळ तिच्यावर आणू नका.