पर्यायी वनीकरणाची जागा पायी पाहा

प्रकल्पासाठी जंगल तोडले की त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावायची, हे पर्यायी वनीकरण. आपण अशा प्रस्तावांचा अभ्यास नव्याने करत आहात, म्हणून कळकळीने सांगतो: हेक्टरांची बेरीज जुळली म्हणजे अधिवासाची भरपाई झाली, असे कृपया समजू नका. या वनीकरणाच्या निधीची व्यवस्था २०१६ च्या कायद्याने लावून दिली आहे. पण सह्याद्रीतले जंगल तोडून सोलापूरकडच्या माळरानावर रोपे लावली, तर शेकरूचे घर परत येत नाहीच, उलट माळरानावरचे माळढोक व धाविक हे पक्षी आणि लांडगा यांचेही जाते. सातबाऱ्यावर ‘पडीक’ नोंद असलेल्या गटात पावसाळ्यात स्वतः चालून या. कुसळी गवताच्या बुडाशी चंडोलाचे वाटीएवढे घरटे दिसले, तर गट क्रमांक व छायाचित्रासह लेखी हरकत प्रस्तावाला तत्त्वतः (पहिल्या टप्प्याची) मंजुरी मिळण्यापूर्वीच द्या, कारण एकदा रोपांसाठी चर खणले की गवताची मुळेच उखडलेली असतात.