वाचकांचे प्रश्न : डायनासोरच्या काळातलं गिंको

प्रश्न : गिंकोला जिवंत जीवाश्म म्हणतात, मग हे झाड डायनासोरच्या काळापासून जसंच्या तसं आहे का? आणि दगडातल्या पानावरून त्या वेळची हवा कशी होती हे कसं काय सांगतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जसंच्या तसं अजिबात नाही, आणि मला तर त्यातला बदलच जास्त भारी वाटतो. चीनच्या हेनान प्रांतात यिमा इथं सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचं गिंको सापडलं, १९८९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. त्याची पानं बोटाबोटांसारखी खोल फाटलेली, आणि प्रत्येक बीजांडाला, म्हणजे ज्याची पुढं बी होते त्या भागाला, स्वतःचा वेगळा देठ. आजच्या गिंकोत एका देठाच्या टोकाला साधारण दोनच बीजांडं असतात, तीही थेट चिकटलेली, आणि बहुतेक वेळा त्यातलं एकच पिकतं. या दोन्हींच्या मधला टप्पा चीनमध्येच लिआओनिंगला मिळाला, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात बीजांडांचे वेगळे देठ गेलेले दिसतात. आजच्या झाडाच्या कोवळ्या फांद्यांवरची पानं बघा, ती अजूनही बरीच फाटलेली असतात!

आता हवेचं. पानावर मेणचट पापुद्रा असतो तो कुजत नाही, आम्लात घालून तो दगडापासून सुटा करतात आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला की पेशींच्या कडा आणि रंध्रं, म्हणजे पान ज्यातून हवा आत घेतं ती बारीक छिद्रं, स्वच्छ दिसतात. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर झाडाला कमी रंध्रांत भागतं, पाणीही वाचतं, म्हणून एकूण पेशींच्या मानानं रंध्रं किती ते मोजायचं आणि आजच्या गिंकोशी ताडून बघायचं. नुसती रंध्रं मोजून चालत नाही कारण पान मोठं झालं की ती लांब लांब पांगतात.

पूर्व ग्रीनलंडमधल्या सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या गिंकोवर्गीय आणि सायकॅडसारख्या (सायकॅड म्हणजे ताडासारखी दिसणारी बीधारी झाडं) पानांवर जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक जेनिफर मॅकएल्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं, १९९९ मध्ये, आणि ट्रायासिक हा भूशास्त्रीय कालखंड संपताना कार्बन डायऑक्साइड जवळपास चौपट झाल्याचं निघालं. तिथली रुंद पानांची झाडं गेली आणि अरुंद, फाटलेल्या पानांची आली, कारण रुंद पान उन्हात लवकर थंड होत नाही, भाजून निघतं. फक्त हा वायू खूपच वाढला की रंध्रं त्यापुढं फारशी कमी होत नाहीत, त्यामुळे तिथं आकडा ढोबळच धरावा लागतो.