चाहूल लागली की चाहूल घेतली?

प्रश्न असा आहे: 'आम्ही पाच जण नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका गच्चीवर, दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ मराठीतून खेळतो. स्टेल्थला, म्हणजे लपूनछपून वावरण्याच्या कौशल्याला, आम्ही "गुप्तता" आणि पर्सेप्शनला, म्हणजे आसपासचं टिपण्याच्या कौशल्याला, "आकलन" म्हणतो. परवा आमचा चोर गोदामात लपला, पहारेकरी "कोण आहे रे तिकडे?" म्हणाला आणि भांडण जुंपलं. लपलाय तर पहारेकऱ्याला कळलंच कसं? आमचे शब्द चुकतायत की नियम?'

शब्द चुकतायत. आकलन होतं ते गणिताचं, फार तर कवितेचं. समोर आलेलं उमगणं म्हणजे आकलन. पहारेकऱ्याच्या समोर अजून काही आलेलंच नाही. आणि गुप्तता पाळायची असते, ती कुणाच्या पावलात नसते.

पर्सेप्शनला मी 'चाहूल' म्हणेन. हा शब्द मूळचा पावलांजवळचा असला तरी आपण थंडीची चाहूल म्हणतो, संकटाचीही म्हणतो, त्यामुळे तो नुसत्या कानापुरता उरलेला नाही. पण मला तो आवडतो तो त्याच्या क्रियापदांसाठी. या खेळात, २०१४च्या नियमांप्रमाणे, प्रत्येक पात्राचा एक पॅसिव्ह आकडा असतो: १० अधिक त्याचा पर्सेप्शनचा बोनस. साध्या पहारेकऱ्याचा १२. चोराचा स्टेल्थचा रोल, म्हणजे फाशावरचा आकडा आणि बोनस मिळून, त्याच्या खाली आला, तर पहारेकऱ्याला फासा न टाकताच कळतं. तो मुद्दाम शोधायला लागला, तरच वीस बाजूंचा फासा हातात घ्यायचा. इंग्रजीला हा फरक दाखवायला वेगळं विशेषण लावावं लागतं. (त्याचं 'निष्क्रिय चाहूल' असं भाषांतर मी पाहिलंय. एखाद्या सरकारी खात्याचं नाव वाटतं.) मराठीत चाहूल लागते, नाहीतर घेतली जाते. 'त्याला चाहूल लागली' यात त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नाही. वाक्याचा कर्ता चाहूल आहे, तो नुसता 'त्याला' होऊन उभा आहे. 'त्याने चाहूल घेतली' म्हटलं की तो थांबला, श्वास रोखला, मान वळवली. दिसणे-बघणे, ऐकू येणे-कानोसा घेणे या जोड्याही अशाच. म्हणून डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, खेळाडूचं क्रियापद ऐकावं. 'मला काही दिसतंय का?' म्हणाला तर आकडा बघा. 'मी पिंपामागे बघतो' म्हणाला तर फासा द्या.

स्टेल्थला मात्र एक शब्द शोधू नका, मिळणार नाही. चालताना चोरपावलं, थांबल्यावर दडणं, झडप घालायच्या बेताने थांबलं तर दबा धरणं. खेळाच्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत लपणं, आवाज न करता चालणं, बघणं आणि ऐकणं अशी चार वेगळी कौशल्यं होती. २००८च्या चौथीत त्यांची दोन झाली. मराठी अजून तिसऱ्या आवृत्तीतच आहे, आणि मला तरी त्यात काही कमीपणा वाटत नाही. हे वेगळेपण कामाचंही आहे. विरळ धुक्यात नजरेच्या चाहुलीला पाचाचा फटका बसतो, १२चे ७ होतात. पण कानाला धुकं आडवं येत नाही. पहाटे गोदाकाठी फिरणाऱ्यांना हे शिकवायला नको.

आता तुमचं भांडण. 'लपला' या शब्दातून समोरच्याला किती ठाऊक आहे, हे कळतच नाही. त्यासाठी गच्ची सोडून निफाडकडे जाऊ. उसात बिबट्या आहे हे सगळ्या शिवाराला ठाऊक असतं, कुठल्या सरीत आहे ते नसतं. शेपटी बांधाजवळ आत जाताना दिसली, तर जागाही कळली, बिबट्या तेवढा दिसत नाही. आणि रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला आलेल्याच्या मनातही नसतं की इथे काही आहे. तिन्ही वेळा बिबट्या लपलेलाच. याच धर्तीच्या पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने या तिन्ही अवस्थांना वेगळी नावं दिली आहेत. तिसरीसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: बेमालूम. मालूम म्हणजे ठाऊक असलेलं. 'बे' लागला की ठाऊकच नसलेलं. आपण तो आता 'बेमालूम मिसळला' एवढ्यापुरता ठेवलाय, त्याला इथे काम द्या. तुमचा चोर दडलेला होता, बेमालूम नव्हता. पहारेकरी ओरडला ते योग्यच, फक्त कुठल्या पोत्यामागे बघायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

तुम्ही २०२४चे नियम वापरत असाल तर आणखी एक खड्डा आहे. तिथे आडोसा किंवा दाट अंधार हवा, स्टेल्थच्या रोलला १५ची मजल गाठावी लागते, आणि जमलं की पात्राला जी अवस्था मिळते तिचं नाव सरळ 'इन्व्हिजिबल'. याचं 'अदृश्य' केलंत की पुढच्या रविवारी चोर भर चौकातून चालत जाईल आणि म्हणेल, मी अदृश्य आहे. अदृश्य हा शब्द मंत्रासाठी राखून ठेवा. लपलेल्यासाठी 'नजरेआड'. त्यात आड आहे, आणि आडच सरली की उरलं काय? नियमाच्या अक्षरावर बोट ठेवणारे माझ्याशी भांडतील, पण माझं वाचन हे असं आहे.

राहिला हल्ला. दडलेल्याने मागून येऊन वार केला, तर 'धप्पा'पेक्षा चांगला शब्द कुणाकडे असेल तर सांगा. आणि पहारेकऱ्याने अंदाजाने भलत्याच पोत्यात भाला खुपसला तर नियमाप्रमाणे वार फुकट जातो. लहानपणी आम्ही शर्टांची अदलाबदल करायचो, ज्याच्यावर राज्य असेल तो चुकीचं नाव घ्यायचा, आणि सगळे एका आवाजात ओरडायचो: अंडं फुटलं!