बोल आधी तोंडात घोळव, मग वहीत लिही

परभणी

प्रिय,

तुझ्या गाण्याची सहा कडवी मिळाली. वाचायला झकास आहेत, आणि गोची तिथंच आहे. वाचणारा अडला तर मागची ओळ पुन्हा बघतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही, गाणं पुढं निघून जातं. तुझ्या दुसऱ्या कडव्यात तीन ओळींत चार प्रतिमा आहेत. पहिली मनात उतरायच्या आत चौथी आली की माणूस शब्दांचा नाद सोडतो आणि नुसत्या ठेक्यावर मान हलवत बसतो. दोन काढून टाक.

बोल गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि कुठं संबळ वाजेल, कुठं बासरी, हे ठरवायचं काम संगीत संयोजकाचं. आपल्याकडच्या मेळ्यांत बहुतेक वेळा एकच माणूस हे सगळं करतो, त्यामुळं नुसते बोल लिहिणाऱ्याचं काम कुणाला दिसत नाही. पण आवाज कुठं लांबवायचा, कुठं तोडायचा, श्वास कुठं घ्यायचा, हे निम्मंअधिक बोलांतच ठरून गेलेलं असतं.

त्यासाठी आधी मोजायला शीक. मोठ्या अभंगाचा साचा घे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक.

आभाळ दाटले । होईना शिंपण ।
कोरडे अंगण । वाट पाहे ॥

बोलताना आपण ‘शिंपण्’ म्हणतो, शेवटचा ‘अ’ गिळतो. अभंगात तो गिळायचा नाही. ‘शिंपण’ची तीन अक्षरं पुरी म्हणायची. नवा लिहिणारा बोलण्यातला उच्चार धरून मोजतो, गाणारा अक्षरं धरून म्हणतो, आणि ओळ एका अक्षरानं लांब होते. या साच्यात रोज एक, अशी पंधरा दिवस लिही. जमल्यावर आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा लहान अभंग घे. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग मोठ्यानं म्हणून बघ, कान आपोआप मोजायला लागतो.

चाल आधी आली असेल तर रीत वेगळी. संगीतकाराकडून ‘ला ला’ वरची चाल फोनवर घे. केरवा ताल असेल तर आठ मात्रा, म्हणजे आठ ठोके, दादरा असेल तर सहा. बोटांवर धर आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं पडते त्याखाली रेघ मार. समेवर ओळीतला वजनाचा शब्द हवा, ‘आणि’ किंवा ‘तर’ नको. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा. मिनिटाला ९६ मात्रांची लय असेल तर ती बरोबर दहा सेकंदांत संपतात. त्यात दहा ते बारा अक्षरं सुखानं बसतात. सोळा कोंबली तर गाणारा श्वास चोरतो, आणि चोरलेला श्वास ध्वनिमुद्रणात लगेच ऐकू येतो.

आता तोंडाचं गणित. सूर लांबवायचा तिथं ‘आ’ किंवा ‘ओ’ असलेलं अक्षर ठेव. वरच्या पट्टीत ‘ई’ आणि ‘ऊ’ आवळले जातात. तुझ्या मुखड्यातला, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या, परतून येणाऱ्या ओळींतला, ‘दूर’ तिथंच गुदमरतो. ‘वाट टाळली’त दोन ‘ट’ एकमेकांना खातात. चाल शब्द मध्येच तोडते तेव्हा तर फजितीच: ‘सोनार’चा ‘सो’ एका मात्रेवर राहिला आणि ‘नार’ समेवर आली, तर मंडपातले लोक हसणारच. यावर उपाय शब्द बदलण्याचा. चालीशी भांडत बसू नकोस.

मुखडा दोन ओळींचा, त्यातली एक ओळ अशी हवी की मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना एकदा ऐकून उचलता येईल. देवीच्या गोंधळात मागचे साथीदार कागद बघून झील धरत नाहीत. अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं, चार ओळींचा ठेव. त्याची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकावर यायला हवी, नाहीतर चाल परतते आणि शब्द बाहेरच राहतात. कडवी सहा कशाला? दोन पुरेत, फार तर तीन.

एक गोष्ट मात्र घाईनं करू नकोस: गाणं कोण म्हणतंय ते ठरवणं. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो. बोलणारा ठरला की भाषा ठरते. तुझ्या गाण्यात तिफण धरलेला माणूस मुखड्यात ‘पेरायलाय’ म्हणतो आणि अंतऱ्यात ‘पेरीत आहे’. एवढ्यात हा कुठल्या शाळेत जाऊन आला? आपली बोली वापर, पण ‘लई’ पेरला म्हणजे गाणं मराठवाड्याचं झालं असं समजू नकोस. ‘वखर’, ‘धसकट’ हे शब्द त्या माणसाच्या हातातलं काम सांगत असतील तरच घे.

बोल कुणाला देण्याआधी कागद कर. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार बोल, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या वस्तू आहेत. बोलांवरचा हक्क तुझ्या हयातभर आणि पुढं ६० वर्षं राहतो. हक्क देणं लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुझा वाटा कायमचा सोडून देण्याचं कलम कुणी लिहून घेतलं तरी चालत नाही. तो वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही अशी संस्था १९६९पासून आहे. एकरकमी पैसे देणारे हे सांगत नाहीत. संतांचे अभंग मोकळे आहेत, त्यांच्यावर हल्ली बांधलेली चाल मोकळी नाही. ती उचलताना विचारून घे.

दुसरं कडवं नव्यानं लिही. पाठवताना कागद नको, टाळीवर म्हणून फोनवर पाठव. ‘दूर’च्या जागी काय घातलंस ते मला आधी ऐकायचं आहे.

कळावे.