वाचकांचे प्रश्न : खारफुटीचा नकाशा, आकाशातून

किनाऱ्यावरची अभयारण्ये, कांदळवने आणि वाळूच्या टेकड्या यांवरील वनस्पतींचे नकाशे ड्रोनने करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे यावेळी एकत्र घेतली आहेत. ज्या प्रश्नांत पुष्कळांची गाडी अडते त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : उपग्रहाची छायाचित्रे फुकट मिळतात. मग ड्रोनचा खटाटोप कशाला? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, अलिबाग)

संपूर्ण खाडीचा नकाशा हवा असेल तर खटाटोप खरोखरच करू नका. सेंटिनेल-२ या उपग्रहजोडीची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि लाल, हिरव्या, निळ्या व निकट-अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा असतो. एवढ्यावर खाडीभर खारफुटी कुठे आहे आणि कुठे नाही हे चांगले कळते.

अडचण कडेला येते. खाजणाच्या बांधालगत पाच-सात मीटर रुंदीची तिवरांची (खारफुटीच्या एका जातीची) रांग असते. ती १० मीटरच्या पिक्सेलमध्ये अर्धी पाण्यात, अर्धी चिखलात मिसळून नाहीशी होते. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्याचा प्रश्न १,००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीपासून उभा राहतो. सेंटिनेलच्या चित्रात एवढी खारफुटी म्हणजे जेमतेम दहा पिक्सेल. त्यातले तीन चुकले की निष्कर्षच उलटतो. म्हणून सगळी खाडी उपग्रहाने करा आणि वादाच्या कडा, नव्या लागवडी, जातींचे नमुना-तुकडे एवढ्यांसाठीच ड्रोन उडवा.

प्रश्न : ठाणे खाडीसारख्या अभयारण्यात ड्रोन उडवण्यासाठी नेमक्या कोणत्या परवानग्या लागतात? (पर्यावरण-शिक्षक, ऐरोली)

दोन वेगवेगळ्या कायद्यांखालच्या. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

पहिली वनविभागाची. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ पासून ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. अभयारण्यात अभ्यास किंवा छायाचित्रण करायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्जाला उड्डाणाचा नकाशा, उंची, तारखा आणि पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करणार याचे एक पान जोडा. ते पान नसेल तर अर्ज हमखास रेंगाळतो.

दुसरी हवाई क्षेत्राची. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी हवाई क्षेत्र-नकाशावर जागेचा रंग आधी पाहा. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडता येते, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. मुंबई परिसरात ती बऱ्याच जागांना लागू होते आणि मग पुढे सांगितलेली उंचीची गणिते नव्याने करावी लागतात. २ किलोपर्यंतचा ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी चालवायला वैमानिक परवाना लागत नाही, पण मोबदला घेऊन सर्वेक्षण केले तर लागतो.

प्रश्न : उड्डाणाची वेळ कशी ठरवावी? एकाच जागेचे दोन दिवसांचे नकाशे जुळत नाहीत. (वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, रत्नागिरी)

बहुधा ओहोटीत फरक पडला असावा. एका दिवशी श्वसनमुळे (चिखलातून वर आलेली मुळे) आणि रोपे उघडी, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गुडघाभर पाणी. पाणी निकट-अवरक्त प्रकाश शोषून घेते, त्यामुळे तीच विरळ तिवरे दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ म्हणून मोजली जातात. नकाशातली निम्मी भांडणे कॅमेऱ्यामुळे नव्हे, पाण्याच्या पातळीमुळे होतात.

वेळ ठरवताना तीन गोष्टी एकत्र जमवायच्या असतात. पूर्ण ओहोटीच्या आगेमागे एक तास, सूर्य क्षितिजापासून ३० ते ५० अंशांवर, आणि खारा वारा सुटण्याआधीची वेळ. सूर्य फार खाली असेल तर लांब सावल्या झाडांमधली रोपे गिळतात. फार वर असेल तर उरल्यासुरल्या पाण्याची चकाकी थेट कॅमेऱ्यात येते. कोकणात डिसेंबरमध्ये सूर्य ३० अंशांवर साधारण साडेनऊला येतो आणि भर दुपारीही तो ५० च्या फारसा वर जात नाही. म्हणजे त्या महिन्यात चकाकीपेक्षा वाऱ्याचीच चिंता जास्त.

ओहोटीसाठी कोळ्यांचा हिशेब कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, त्यात सहा तास आणि थोडी मिनिटे मिळवली की ओहोटी दहाच्या सुमारास. षष्ठीला पावणेअकराच्या आसपास. दोन्ही पक्षांतल्या या दोन तिथी सकाळच्या उड्डाणाला सर्वांत सोयीच्या. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी सर्वांत खोल उतरते खरे, पण ते पहाटे आणि संध्याकाळी, उजेड नसताना. अष्टमीला ओहोटी दुपारी येते, पण भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, पाणी फारसे उतरतच नाही.

या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अंतिम वेळ छापील भरती-ओहोटी तक्त्यातूनच घ्या. तक्ता बंदराचा असतो. खाडीच्या आत जावे तशी ओहोटी उशिरा येते. आदल्या दिवशी जागेवर एक खुणेची काठी रोवून तो उशीर मोजून ठेवा. पुढच्या वर्षी उडाल तेव्हा तारीख तीच नसली तरी चालेल, काठीवरची पाण्याची पातळी मात्र तीच हवी.

ऋतूचेही भान ठेवा. पावसाळ्यानंतर बांधावरचे गवत हिरवेगार असते आणि खारफुटीत मिसळते. फेब्रुवारीपर्यंत ते वाळते, खारफुटी हिरवीच राहते, आणि दोन्ही आपोआप वेगळी होतात. मात्र नोव्हेंबर ते मे या काळात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ओहोटीच्या वेळीच उघड्या चिखलावर चरतात. तेव्हा त्या पट्ट्यावरून ड्रोन नेऊच नका, तेवढा भाग उपग्रहाच्या चित्रावरून घ्या.

प्रश्न : जोडलेल्या चित्रात झाडांच्या मधोमध भोके पडतात, कडा वितळल्यासारख्या दिसतात. (ड्रोनचालक, श्रीवर्धन)

सॉफ्टवेअर दोन चित्रांतल्या समान खुणा शोधून ती जोडते. तिवरांचे दाट छत सगळीकडे सारखेच दिसते आणि पाने हलतात, त्यामुळे खुणा जुळत नाहीत. खाली उतरून जास्त तपशील घेतला तर चित्र सुधारेल असे वाटते, पण दाट झाडीत नेमके उलटे होते. जितके खाली, तितकी पानांची हालचाल मोठी दिसते.

एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याने १०० मीटरवरून एक पिक्सेल सुमारे २.७ सेंटिमीटरचा पडतो आणि एका चित्रात १५० बाय १०० मीटरची जागा मावते. पुढे-मागे ८५ टक्के आणि बाजूला ८० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या दोन चित्रांत समान येणारा भाग) ठेवा. म्हणजे दर १५ मीटरला एक चित्र आणि दोन रांगांत ३० मीटर अंतर. दर दोन सेकंदांना एक चित्र घ्यायचे तर वेग सेकंदाला ७.५ मीटर. वळणे, चढउतार धरून एका बॅटरीत सुमारे २० हेक्टर होतात. गोव्यात चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १७८ हेक्टरांचे आहे, म्हणजे नऊ बॅटऱ्या. ओहोटीची दोन तासांची खिडकी पाहता ते एका दिवसात उरकायचा मोह टाळून दोन लागोपाठच्या तिथींत करावे.

शटर १/१००० सेकंद ठेवा. १/२५० ठेवले तर तेवढ्या वेळात ड्रोन तीन सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे एका पिक्सेलहून जास्त. फोकस आपोआप होऊ देऊ नका, अनंतावर बांधून ठेवा.

उंचीची मर्यादा ६० मीटर असेल तिथे आणखी एक खाच आहे. ओव्हरलॅप जमिनीच्या पातळीवर मोजला जातो. १० मीटर उंच झाडांच्या शेंड्यांवर ७० टक्क्यांचा ६४ टक्के होतो, आणि भोके पडतात ती शेंड्यांवरच. तिथे बाजूचा ओव्हरलॅप ८५ पर्यंत न्या.

हातातली चित्रे वाचवायची असतील तर वेबओडीएम या चित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिन-नम-फीचर्स’ (प्रत्येक चित्रात शोधायच्या खुणांची किमान संख्या) १०,००० वरून २०,००० करून पाहा. तरीही भोके राहिली तर पुन्हा उडा. सॉफ्टवेअरने बुजवलेल्या भोकावर जातीचे नाव लिहू नये.

प्रश्न : चिखलात नियंत्रण-बिंदू कसे ठेवायचे? (सर्वेक्षक, पेण)

नियंत्रण-बिंदू म्हणजे जमिनीवरच्या, अचूक जागा मोजलेल्या खुणा. त्या चिखलात ठेवूच नका. पाटी रुतते, सरकते आणि भरती आली की वाहून जाते. खारबंदिस्तीचा बांध, उघाडीचे (बांधातल्या पाण्याच्या दाराचे) दगडी काम, धक्का, मिठागरांचे बांध या पक्क्या जागा शोधा. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या पाट्या १०० मीटरवरून बावीसेक पिक्सेल दिसतात, मध्य अचूक टिपता येतो. ५० हेक्टरांना आठ ते दहा बिंदू पुरतात. त्यातले तीन गणितात न घेता फक्त तपासणीसाठी राखून ठेवा, नाहीतर चूक किती हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

बांध कडेला असतात, त्यामुळे मध्यभाग बिंदूंविना राहतो आणि सपाट जमीन नकाशात फुगवट्यासारखी वर येते. यावर उपाय म्हणजे कॅमेरा थोडा तिरका करून आडव्या दोन-तीन रांगा जास्त उडणे, आणि शक्य असल्यास आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस). नकाशाचे प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर. उंचीबाबत एक इशारा. जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत कोकणात साठहून जास्त मीटरचा फरक असतो. ती दुरुस्ती न करता भरतीची रेषा काढली तर सगळे कांदळवन समुद्रतळाशी जाते. तशीही सीआरझेडसाठीची भरतीरेषा चेन्नईच्या एनसीएससीएम या केंद्राने आखलेलीच धरली जाते. स्वतःची रेषा अभ्यासापुरती ठेवा.

प्रश्न : एनडीव्हीआयवरून तिवर, कांदळ आणि चिप्पी वेगळी ओळखता येतात का? (विद्यार्थिनी, मालवण)

नाही. एनडीव्हीआय हा लाल आणि निकट-अवरक्त प्रकाशावरून काढलेला निर्देशांक हिरवेपणा सांगतो, झाडाची जात नाही. दाट छतावर तो लवकरच वरच्या टोकाला टेकतो आणि तिन्ही झाडे सारखीच दिसतात.

जात ओळखायला दोन-तीन सेंटिमीटरचे साधे रंगीत चित्र जास्त उपयोगी. तिवराचे छत राखाडी झाक असलेले, गोलसर गुबगुबीत. कांदळ गडद, चकचकीत, आणि पानांचे झुबके ताऱ्यासारखे. चिप्पीचा रंग फिकट, छत विरळ, जागा बहुतेक पाण्याच्या ऐन कडेला. गेव्याची पाने गळण्याआधी लालसर होतात, त्या पंधरवड्यात तो लांबूनही ओळखू येतो. छताखालची मारांडी वरून दिसतच नाही, तिच्यासाठी चिखलातच उतरावे लागते.

वर्गीकरण एकेका पिक्सेलचे न करता आधी चित्राचे झाडाच्या छताएवढे तुकडे पाडा. मग प्रत्येक तुकड्याचा रंग, पोत आणि उंची घेऊन रँडम फॉरेस्ट ही वर्गीकरणाची संगणकीय पद्धत चालवा. क्यूजीआयएस आणि ऑर्फिओ टूलबॉक्स या सॉफ्टवेअरांत हे सगळे विनामूल्य होते. प्रत्येक जातीचे निदान ५० नमुने प्रत्यक्ष पाहून घ्या, आणि ते खाडीभर विखुरलेले असू द्या. एकाच होडीच्या वाटेवरचे ५० नमुने पाचांच्याच किमतीचे.

प्रश्न : ऑक्टोबरच्या चित्रात एकरभर तिवरे तपकिरी दिसली. मेली का? (वाचक, नवी मुंबई)

घाई करू नका. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सागाची पाने खाणारी हायब्लिया प्युएरा ही अळी तिवरांवर येते आणि पाने फस्त करते. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. महिन्याने तीच जागा सेंटिनेलच्या चित्रात पाहा. हिरवी झाली तर अळी, नाही झाली तर पाणी कुठे अडले ते शोधा. बांध, भराव आणि बुजलेली उघाडी हे मरणाचे नेहमीचे कारण.

प्रश्न : आमच्या ४०० हेक्टरांत पूर्वी ११८ हेक्टर खारफुटी होती, यंदा १२२ आली. चार हेक्टरांची वाढ झाली असे ग्रामपंचायतीला सांगावे का? (स्वयंसेवी गट, सिंधुदुर्ग)

सांगू नये. तुमच्या पत्रातलीच आकडेमोड पुढे नेतो. नकाशाने यंदा १२० हेक्टर खारफुटी आणि २८० हेक्टर इतर दाखवले. खारफुटीतल्या १०० तपासणी-बिंदूंपैकी ९० खरे निघाले, आणि ‘इतर’मधल्या १०० पैकी ५ ठिकाणी प्रत्यक्षात खारफुटी होती. १२० चे ९० टक्के १०८, २८० चे ५ टक्के १४, बेरीज १२२. इथवर तुमचे बरोबर. पण याच आकड्यांवरून ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर ती अधिक-उणे १४ हेक्टर येते. म्हणजे खरे क्षेत्र १०८ ते १३६ मध्ये कुठेही असू शकते. जुन्या ११८ ला तर कोणतीच मर्यादा जोडलेली नाही.

बिंदू वाढवा, आणि ते ‘इतर’ या मोठ्या वर्गात जास्त टाका. तिथली एक टक्क्याची चूक २.८ हेक्टरांची असते, खारफुटीतली फक्त १.२ ची. वाढ दाखवायचीच असेल तर दोन नकाशांची वजाबाकी न करता दोन्ही वर्षांची चित्रे शेजारी ठेवून तेच बिंदू दोनदा वाचा. तुलना एकाच पद्धतीच्या नकाशांचीच करा. एक हेक्टरहून लहान तुकडे सोडून देणाऱ्या उपग्रह-नकाशाशेजारी ड्रोनचा नकाशा ठेवला, तर एक झाडही न लावता वाढ दिसते.

प्रश्न : किनाऱ्यावरची मर्यादवेल मोजायची आहे. (कासवमित्र, रत्नागिरी जिल्हा)

ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे एक सेंटिमीटरचा पिक्सेल हवा. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याने उंची ३५ मीटर. कोरडी वाळू चित्र पांढरे करून टाकते, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवा. सुरूच्या झाडांच्या सावल्या वाळूवर पडतात तेवढ्या वेळा टाळा. कासवांच्या विणीच्या दिवसांत घरट्यांच्या कुंपणापासून दूरच उड्डाण सुरू करा, आणि नियंत्रण-बिंदूच्या पाट्या संध्याकाळपूर्वी उचलून आणा.